आयव्हीएफचं यश : पैसे भरण्याआधी काय तपासाल, काय विचाराल

‘एएमएच कमी आलंय, आता थेट टेस्ट ट्यूबच करायची का?’ ‘दोन आययूआय फेल गेले, तिसरा करू की सेंटर बदलू?’ ‘ट्रान्स्फरनंतर किती दिवस झोपून राहायचं?’ मूल होण्यासाठी उपचार घेणारे वाचक हे प्रश्न पुन:पुन्हा विचारतात. शब्द वेगळे असले तरी त्यांना जाणून घ्यायचं असतं ते एकच : यश यावं म्हणून आमच्या हातात नेमकं काय आहे?

हातात बरंच आहे, पण ते बहुधा जाहिरातीत दिसत नाही. सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळेवर सुरुवात केल्याने, दोघांचं नीट निदान झाल्याने आणि योग्य पायरीचा उपचार निवडल्याने. सगळ्यात कमी फरक पडतो तो बिलात शेवटी जोडल्या जाणाऱ्या महागड्या ‘जादा’ गोष्टींनी. अनेक जोडपी नेमकी उलट बाजूने खर्च करतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- पत्नीचं वय ३५ पेक्षा कमी असेल, तर एक वर्ष नियमित प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास.
- वय ३५ किंवा जास्त असेल, तर सहा महिन्यांनंतर.
- वय चाळिशीच्या पुढे असेल, तर वाट न पाहता.
- पाळी फार अनियमित आहे, पाळीत असह्य दुखतं, पूर्वी पोटाचा क्षयरोग झाला आहे, बीजकोशावर शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कर्करोगाचे उपचार झाले आहेत, तर कोणत्याही वयात लगेच.
- पतीला लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचा त्रास असेल किंवा गालगुंडात अंडकोष सुजले असतील, तरीही लगेच.

वयाबद्दल एवढं काटेकोर का? स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता पस्तिशीनंतर उतरते आणि ३७-३८ नंतर वेगाने उतरते. ब्रिटनमध्ये प्रत्येक सेंटरची आकडेवारी सरकारी नियामक संस्था गोळा करते. तिथे ३५ च्या आतल्या स्त्रियांमध्ये एका गर्भरोपणामागे साधारण तीनातल्या एकीला बाळ होतं. स्वत:चं स्त्रीबीज वापरणाऱ्या ४३-४४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण विसात एकीच्या आसपास येतं. आयव्हीएफ वयाची भरपाई करत नाही. ‘आधी घर घेऊ, मग बघू, टेस्ट ट्यूब आहेच’ हा हिशेब म्हणूनच फसतो.

तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी

पत्नीची दोन वर्षं सोनोग्राफी, गोळ्या, दुर्बीण सगळं होतं आणि पतीची वीर्यतपासणी मात्र ‘नंतर बघू’वर राहते, हे अजूनही सर्रास घडतं. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. ती सगळ्यात आधी करा.

ती करताना हे पाळा :

- आधी दोन ते सात दिवस संयम ठेवा. त्याहून कमी किंवा जास्त नको.
- नमुना घरून न्यायचा असेल, तर तासाभरात आणि अंगाच्या उबेत धरून पोहोचवा.
- पहिला रिपोर्ट खराब आला म्हणून खचू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल, तर रिपोर्ट बिघडतो. तपासणी पुन्हा करून मगच निष्कर्ष काढा.
- शुक्राणू शून्य आले, तर मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुष-वंध्यत्वाच्या तज्ज्ञाला दाखवा. मार्ग बंद असल्याने शून्य आणि निर्मितीच नसल्याने शून्य यांचे उपचार वेगळे आहेत.

पत्नीच्या बाजूने सुरुवातीला एवढ्या तपासण्या पुरतात : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, एएमएच, थायरॉइड, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे किंवा सोनोग्राफी.

यांपैकी दोन रिपोर्टांबद्दल फार गैरसमज आहेत.

एएमएच : हा आकडा बीजकोशात साठा किती उरला आहे आणि इंजेक्शनांना प्रतिसाद किती मिळेल याचा अंदाज देतो. बीजं चांगली की वाईट, हे तो सांगत नाही. पाळी नियमित असेल आणि वय कमी असेल, तर एएमएच कमी असूनही नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात. मात्र कमी एएमएच असताना वेळ दवडू नये, हे खरं.

गर्भनलिकेत पाणी : नलिका बंद होऊन तिच्यात पाणी साचलं असेल, तर ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफच्या यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतं. अशा वेळी आधी दुर्बिणीतून ती नलिका काढणं किंवा गर्भाशयापाशी बंद करणं आणि मग गर्भरोपण करणं फायद्याचं ठरतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात असा उल्लेख असेल आणि तरीही थेट आयव्हीएफ सुचवलं असेल, तर ‘आधी नलिकेचं काय?’ हा प्रश्न विचारा. आपल्याकडे नलिका खराब होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचं कारण आहे; घरात कुणाला क्षयरोग झाला असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणखी एक तपासणी आपल्या राज्यात विसरू नये. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल, तर सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. दोघंही वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. रक्ताची साधी तपासणी उपचार सुरू होण्याआधीच करून घ्या.

आधीचे तीन महिने : घरी करायची तयारी

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज सोडलेल्या तंबाखूचा परिणाम रिपोर्टात दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. म्हणून आयव्हीएफची तारीख ठरवण्याआधीचे तीन महिने वाया गेले असं समजू नका.

- तंबाखू : विडी-सिगारेटच नव्हे, गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. ‘मी फक्त दात घासते’ असं म्हणणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातही निकोटिन जातंच. दोघांनीही पूर्ण बंद.
- वजन : पीसीओडी आणि जास्त वजन असेल, तर सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी आणि बीज फुटणं सुधारतं. ८० किलो वजन असेल, तर चार ते आठ किलो. मात्र वय ३८-३९ असेल, तर वजनासाठी वर्षभर उपचार थांबवू नका. दोन्ही बरोबर चालू द्या.
- जिमची इंजेक्शनं : शरीर कमावण्यासाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड शुक्राणूंची निर्मिती अक्षरश: बंद पाडतं. पतीने घेतलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात.
- उष्णता : भट्टीजवळचं काम, मांडीवरचा लॅपटॉप, वारंवार वाफेचं स्नान टाळता येईल तेवढं टाळा.
- फॉलिक अ‍ॅसिड : पत्नीने रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. मधुमेह किंवा फिटचा आजार असेल, तर मात्रा डॉक्टर ठरवतील.
- रुबेला : प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळा.
- मद्य आणि चहा-कॉफी : मद्य बंद, चहा-कॉफी दिवसाला दोन कपांच्या आत.

कुणी सांगितलेली चूर्णं, काढे, ‘पुत्रप्राप्ती’ची औषधं उपचारांबरोबर घेऊ नका. त्यांत काय मिसळलेलं आहे ते कळत नाही आणि संप्रेरकांच्या इंजेक्शनांचा हिशेब बिघडतो.

तुमच्यासाठी कोणती पायरी?

1. गोळ्या आणि वेळेचं नियोजन : नलिका मोकळ्या, वीर्य ठीक आणि अडचण फक्त बीज न फुटण्याची असेल (पीसीओडीत हे नेहमीचं), तर लेट्रोझोलच्या गोळ्यांनी सुरुवात होते. सहा चक्रांपर्यंत ही पायरी वाजवी आहे.
2. आययूआय (धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) : किमान एक नलिका मोकळी हवी आणि शुक्राणू पुरेसे हवेत. यशाचं प्रमाण दर वेळी साधारण दहा-पंधरा टक्के, वय वाढेल तसं त्याहून कमी. तीन-चार प्रयत्नांत यश आलं नाही, तर त्याच पद्धतीने आठवा-दहावा प्रयत्न करण्यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो.
3. आयव्हीएफ : दोन्ही नलिका बंद, शुक्राणू फारच कमी, एंडोमेट्रिओसिस बळावलेला किंवा वय ३८ च्या पुढे असेल, तर मधल्या पायऱ्या गाळून इथे येणं शहाणपणाचं. शुक्राणूंची अडचण असेल, तर एकेक शुक्राणू बीजात सोडण्याची इक्सी पद्धत लागते. वीर्य उत्तम असताना इक्सीने यश वाढत नाही.

आयव्हीएफमध्ये ‘दहा बीजं निघाली’ ऐकून दहा गर्भ गृहीत धरू नका. साधारणपणे दहांतली आठ परिपक्व असतात, पाच-सहा फलित होतात आणि दोन-तीन पाचव्या दिवसापर्यंत टिकतात. ही गळती निसर्गातही होते. तिथे ती दिसत नाही एवढंच.

‘आमचा सक्सेस रेट ५० टक्क्यांच्या वर’

या आकड्याचा छेद विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा, एका सेंटरमध्ये १०० स्त्रियांनी इंजेक्शनं सुरू केली. त्यांपैकी ७५ जणींपर्यंत गर्भरोपण झालं. बाकीच्यांची बीजं निघाली नाहीत किंवा गर्भ टिकले नाहीत. ७५ पैकी ४० जणींची बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, ३० जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि २४ जणींच्या मांडीवर बाळ आलं.

आता हेच सेंटर ‘५३ टक्के यश’ म्हणू शकतं (७५ पैकी ४०), ‘४० टक्के’ म्हणू शकतं (७५ पैकी ३०) आणि ‘२४ टक्के’ही म्हणू शकतं (१०० पैकी २४). तिन्ही आकडे खरे. तुमच्या कामाचा शेवटचा. त्यात दात्याच्या स्त्रीबीजाची प्रकरणं मिसळली, तर आकडा आणखी फुगतो, कारण दाती तरुण असते.

पहिल्या भेटीत हे विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या :

- माझ्या वयाच्या, स्वत:चं बीज वापरणाऱ्या स्त्रियांत, सुरू केलेल्या दर शंभर सायकलींमागे किती बाळं जन्मतात?
- माझ्या प्रकरणात यश कमी करणारी नेमकी बाब कोणती? ती आधी दुरुस्त होते का?
- एका वेळी किती गर्भ सोडाल? का?
- उरलेले चांगले गर्भ गोठवता का? पुढच्या रोपणाचा खर्च किती?
- एग पिकअप (बीजं काढणं) आणि ट्रान्स्फर (गर्भरोपण) स्वत: कोण करणार? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार?
- पॅकेजमध्ये काय नाही? इंजेक्शनं, भूल, गोठवणं, इक्सी धरून एकूण किती?

‘दोन-तीन सोडू, म्हणजे एक तरी लागेल’ हा आग्रह तुम्ही स्वत:ही धरू नका. जुळ्या-तिळ्यांत मुदतपूर्व प्रसूती, रक्तदाब आणि नवजात अतिदक्षता विभागाचा खर्च यांचा धोका मोठा असतो. पाचव्या दिवसाचा चांगला गर्भ असेल, तर एकच सोडून बाकीचे गोठवणं सुरक्षित, आणि एकूण संधीही कमी होत नाही.

जादा खर्चाच्या गोष्टी

पहिला प्रयत्न अपयशी झाला की यादी हातात पडते : अस्तर खरवडणं, अस्तराची ‘योग्य वेळ’ शोधणारी ईआरए तपासणी, गर्भाचं कवच पातळ करणं, इंट्रालिपिडचे सलाइन, पीआरपी, सर्वच गर्भांची गुणसूत्र तपासणी. सरसकट सर्वांना दिल्यास यांनी बाळ होण्याचं प्रमाण वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. अस्तर खरवडणं आणि ईआरए यांच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. गुणसूत्र तपासणीचा विचार वारंवार गर्भपात झाले असतील किंवा वय जास्त असेल अशा निवडक प्रकरणांत होतो. तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रीला तिचा लाभ सिद्ध नाही. सिकलसेल-थॅलेसेमियासारख्या ठरावीक आजारासाठी केलेली गर्भतपासणी ही वेगळी गोष्ट आहे, ती उपयोगी असते.

अशी कोणतीही गोष्ट सुचवली, तर विचारा : ‘माझ्यासारख्या रुग्णात यामुळे बाळ होण्याचं प्रमाण किती वाढतं? हे नाही केलं तर काय होईल?’ उत्तर ‘करून बघू’ असेल, तर ते पैसे पुढच्या गर्भरोपणासाठी राखून ठेवा.

उपचार सुरू असताना चुका कुठे होतात?

- इंजेक्शन गरम होणं : बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरला चिकटवून नको. तालुक्याहून एसटीने येत असाल, तर थर्मास किंवा बर्फाची पिशवी वापरा. बर्फ थेट औषधाला लागू देऊ नका. भारनियमनाच्या गावात रोजचं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात ठेवण्याची सोय आधीच बघा.
- ट्रिगरची वेळ : बीज परिपक्व करणारं शेवटचं इंजेक्शन ठरल्या मिनिटाला घ्यायचं असतं, कारण पिकअप त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी असतो. सोमवारी रात्री साडेनऊला सांगितलं, तर साडेनऊलाच. पिकअप बुधवारी सकाळी. उशीर झाला, तर लपवू नका, लगेच फोन करा; पिकअपची वेळ बदलता येते.
- पती गावाला : पती सैन्यात, बोटीवर, आखातात किंवा लांब पल्ल्याच्या गाडीवर असेल, तर वीर्य आधीच गोठवून ठेवा. पिकअपच्या दिवशी सुट्टी रद्द झाली म्हणून सायकल अडायला नको. संमतीच्या कागदांवर सह्याही तेव्हाच उरका.
- प्रोजेस्टेरॉन चुकणं : ट्रान्स्फरनंतरची औषधं ‘थोडं रक्त दिसलं, म्हणजे गेलंच’ असं समजून स्वत: बंद करू नका.
- अंथरूण धरणं : ट्रान्स्फरनंतर झोपून राहिल्याने यश वाढत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात; जिना चढल्याने, शिंकल्याने किंवा रिक्षाच्या धक्क्याने गर्भ खाली पडत नाही. जड ओझं आणि दमवणारं काम सोडून नेहमीचं जगणं चालू ठेवा.
- घरी घाईने टेस्ट : एचसीजीचा ट्रिगर घेतला असेल, तर पहिल्या आठवड्यात पट्टी खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकते. सांगितलेल्या दिवशी रक्ताची बीटा तपासणीच करा.

पिकअपनंतर पोट झपाट्याने फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, उलट्या. किंवा पॉझिटिव्ह आल्यावर पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर. यांपैकी काही झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

कायदा तुमच्या बाजूला आहे

सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या उपयोगाचं :

- सेंटरची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहूनच पुढे जा.
- उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत हवं. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही उपचार घेता येतात.
- यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्यांचा धोका समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे.
- लेखी संमतीशिवाय काहीही करता येत नाही. दात्याचं बीज किंवा वीर्य वापरणार असतील, तर ते संमतीपत्रात स्पष्ट असलंच पाहिजे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी संमती मागे घेता येते.
- स्त्रीबीजदाती २३ ते ३५ वयाची हवी आणि आयुष्यात एकदाच दान करू शकते. तिचा १२ महिन्यांचा विमा तुम्हाला काढावा लागतो.
- गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतात.
- प्रत्येक सेंटरमध्ये तक्रार निवारण कक्ष हवा. तिथे दाद न मिळाल्यास राज्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाता येतं.
- ‘मुलगाच होईल’ असं कुणी आश्वासन दिलं, तर तो गुन्हा आहे. त्या सेंटरमधून बाहेर पडा.

कागदपत्रं मागायला संकोचू नका. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधांची मात्रा, किती बीजं निघाली, किती फलित झाली, गर्भाची प्रत कशी होती, अस्तर किती मिलिमीटर होतं, याची एकच फाइल ठेवा. सेंटर बदललं, तर नव्या डॉक्टरांना मागच्या सायकलीतून शिकता येतं. फाइल नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

पैसे आणि थांबायची रेघ

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. काही नव्या आणि कंपन्यांच्या गट पॉलिसींत थोडा समावेश असतो. पॉलिसीतलं ‘वगळलेल्या बाबी’ हे पान वाचा. सरकारी व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तपासण्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया कमी खर्चात होतात. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत उपलब्ध आहे.

सगळी पुंजी एका सायकलीवर लावू नका. ब्रिटनच्या २०१३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने चाळिशीच्या आतल्या स्त्रियांसाठी तीन पूर्ण सायकलींची शिफारस केली, ती यासाठीच की यश एकत्रित प्रयत्नांतून येतं. पूर्ण सायकल म्हणजे एक पिकअप आणि त्यातले सर्व ताजे-गोठवलेले गर्भ वापरून होईपर्यंतचे प्रयत्न. सोनं गहाण टाकून एकच मोठं पॅकेज घेण्यापेक्षा साध्या खर्चाच्या दोन सायकली परवडतील असं सेंटर निवडा.

सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवा : किती प्रयत्न, किती रक्कम, कोणत्या वयापर्यंत. दात्याचं बीज चालेल का? दत्तक? केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते आणि प्रतीक्षाही मोठी असते. तेव्हा हा विचार अगदी शेवटी ठेवू नका.

आणि नातेवाइकांना एक विनंती. दर महिन्याला ‘काही गोड बातमी?’ विचारू नका. विचारायचंच असेल, तर पिकअपच्या दिवशी डबा आणू का, सोबत येऊ का, हे विचारा. उपचार घेणाऱ्या दोघांना सांगायचं ते एवढंच : पुढच्या भेटीला दोघं मिळून जा, फाइल बरोबर न्या आणि वरच्या यादीतले प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.